यादीत नसलेली झोप

चि. धाकटीस,

मंगळवार, अकरा तारीख, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तुझ्या लेकीने मला खोटं ठरवलं. असो, आशीर्वाद. तब्येत कशी आहे? माझी उत्तम आहे, तेव्हा माझ्या वयाचं निमित्त काढू नकोस.

तिच्या संशोधनाला माणसं कमी पडत होती, म्हणून मी विद्यापीठात गेले. (प्रयोगशाळा म्हणे! दोन खुर्च्या आणि एक डुगडुगतं टेबल.) तिने यादी वाचली: गादी, उशी, चादर, जांभई, स्वप्न, घोरणं. मग म्हणाली, "मावशी, आता हे सगळं विसरून जा." आपण कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या हाताखाली वाढलेल्या, सांगितलं की करायचं. मी इमानेइतबारे विसरले. तर पाच मिनिटांनी बया म्हणते, "आता आठवेल ते लिही!" मी वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला: झोप. "अगं, तो यादीत नव्हताच," म्हणाली. मी या कानांनी ऐकला होता! वर मलाच शिकवते, मुद्दाम विसरायला गेलं की कधीकधी खरं तेवढं पुसलं जातं, आणि जे घडलंच नाही ते ठाण मांडून बसतं.

तेव्हापासून घास गोड लागत नाही. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत मी तिसऱ्या वाक्याला अडकले, ते विसरायचा मी एकावन्न वर्षं कसून प्रयत्न केला. भाषणाचा विषय गेला, परीक्षक गेले, फ्रॉकचा रंगसुद्धा गेला. उरलं एकच: पहिल्या रांगेतलं तुझं खिदळणं. त्याच्या जोरावर मी तुझ्याशी जन्मभर तुटक वागले. (तुझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझं तोंड बघ.) आणि तुझी लेक बेधडक सांगते, आजी म्हणायची, त्या दिवशी आई शाळेत नव्हतीच, गालगुंड होऊन घरी पडली होती!

तरी येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव: हसली होतीस की नाही? फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी ताई

ता. क. "हो" आलं तर मी तुला माफ करीन. तयारी केव्हाची झाली आहे. "नाही" आलं तर माफी मला मागावी लागेल, आणि त्याची मला बिलकूल सवय नाही. तेव्हा नीट विचार करून लिही.

आणखी एक. लिहिण्यापेक्षा येच. गादी झटकली आहे, चादर धुतलेली आहे. उशी तुझी तू आण. घोरणं तिथेच ठेव.