धुराड्याची गाळणी

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शेजारचा कारखाना तडजोडीला तयार झाला आहे. धुराड्याला गाळणी बसवतो, दावा मागे घ्या, असं त्यांनी कळवलं. वकीलबाई काल स्वतः लॉन्ड्रीत येऊन सांगून गेल्या, म्हणजे बातमी ऐकीव नाही.

मला एवढंच तर हवं होतं. हॉस्पिटलने बजावलंय, चादरींवर पुन्हा काळे ठिपके दिसले तर काम दुसरीकडे जाईल. मी अजूनही सकाळी आधी एक पांढरा रुमाल गच्चीवर टांगते. तो काळवंडला की त्या दिवशी सगळं आत, पंख्याखाली. सूनबाई त्या रुमालाला ‘साहेब’ म्हणते. साहेबांची परवानगी असेल तरच कपडे बाहेर.

पण तडजोडीवर सही करता येत नाही. आमच्या दाव्याचा खर्च परदेशातली एक कंपनी करते. जिंकलो तर भरपाईत तिचा हिस्सा, आणि तिला विचारल्याशिवाय तडजोड नाही, असा करार आहे. गाळणीत हिस्सा काय मागणार? म्हणून त्यांचा नकार. हे तुला आधी सांगितलं नाही, खरं. कायद्याचे मसुदे लिहिणं तुझंच काम. काही मार्ग आहे का?

आमच्याकडे सर्व ठीक. खोकला आहे तसाच.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावून बसलो. परदेशी पैशावर चालणाऱ्या दाव्यांचाच मसुदा माझ्या टेबलावर होता. कलम मीच लिहिलेलं: असा पैसा आढळला की दावा रद्द. बाहेरचे पैसेवाले आपल्या कोर्टात जुगार खेळतात, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. तू नव्हतीस.

आमच्या साहेबांना (रुमाल नव्हे, खरे) सगळं सांगितलं आणि हे काम दुसऱ्याकडे द्या म्हटलं. त्यांनी दिलं. मग विचारलं, की बहिणीला इथे कोणी पैसा दिला असता का. तिने माझ्याकडेसुद्धा मागितला नाही, असं मी म्हटलं.

मसुद्यावर लोकांची मतं मागवली आहेत. तू लिही. मी एक शब्द सुचवणार नाही, पण रुमालाचं विसरू नकोस. आणि भावाजवळ कसला गं संकोच?

डॉक्टरकडे जाऊन ये. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
धाकटा

२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी मत लिहून पाठवलं होतं, रुमालासकट. आता कायदा झाला, हे तुला माझ्याआधी कळलं असेलच. तरी वकीलबाईंकडून दोनदा वदवून घेतलं. दावा रद्द होत नाही. पैसा कोणाचा, ते कोर्टाला आणि समोरच्याला सांगायचं, आणि तडजोड करायची की नाही हे फक्त दावा लावणाऱ्याने ठरवायचं. चालू दाव्यांनाही हे लागू.

परदेशी कंपनीने लगेच हात आखडता घेतला. उरलेलं काम फी न घेता करते, म्हणाल्या वकीलबाई. त्याबदल्यात त्यांचे काळे कोट आता आमच्याकडे धुवायला. काळ्यावर ठिपके दिसत नाहीत, हा सूनबाईचा विनोद.

संकोचाचं म्हणशील, तर तुझ्याकडे मागितलं असतं तर तू घर गहाण टाकलं असतंस. लहानपणापासून ओळखते तुला. त्या कंपनीवरही माझा राग नाही. कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा तिनेच केलं.

सोमवारी न्यायाधीश मलाच विचारणार आहेत, तडजोड मान्य आहे का. मी हो म्हणणार. महिन्याभरात गाळणी बसेल, असं कारखान्याचा इंजिनियर सांगतो. बसली की नाही, ते रुमाल सांगेल.

पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी,
ताई