तुम्ही न जुळवलेली ओळ

मेस्त, तुम्हाला लिहायचं तर कोणत्या भाषेत, इथेच पेन अडतं. तुम्ही बोलायचात कोंकणी, प्रार्थना करायचात रोमी लिपीतल्या पुस्तकातून, आणि पोट भरायचात मराठी खिळे जुळवून. माझं मराठी तुम्ही उलटं, आरशात दिसावं तसं वाचलंत आणि त्यातल्या चुका माझ्याआधी पाहिल्यात. म्हणून मराठीतच लिहितो. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

डिचोलीच्या त्या छापखान्यात सगळे तुम्हाला मेस्तच म्हणायचे, सुताराला किंवा शिंप्याला म्हणतात तसं. मी पाळी गावचा. वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. आमच्या वाडीत देऊळ होतं, खाण होती, इगर्ज, म्हणजे चर्च, नव्हती. ख्रिस्ती माणूस म्हणून जवळून पाहिले ते तुम्हीच, आणि तुम्ही धर्माबद्दल चकार शब्द काढत नव्हता. सकाळी पहिला खिळा उचलण्याआधी अंगठ्याने कपाळावर छोटासा खुरीस, म्हणजे क्रूस, काढायचात, तोही इतका पटकन की पहिले काही महिने मला वाटलं, तुम्ही घाम पुसता. दुपारी इगर्जीत बाराची घंटा झाली की हातातलं काम खाली ठेवून मिनिटभर ओठ हलवायचात, संपादक दारात उभे असले तरी.

"मेस्त, देवाला सांगा, पहिल्या पानाची घाई आहे."

"सांगलां, बाब. तो म्हणटा, तुमी कालच बरोवंक जाय आशिल्लें." देवाच्या मते संपादकांनी कालच लिहायला हवं होतं.

एकदा मृत्यूच्या बातमीत गेलेल्या माणसाच्या नावामागे 'कै.'च्या जागी 'चि.' पडलं. प्रूफ मी वाचलं होतं. गावात हसाहशी झाली. तुम्ही त्याच संध्याकाळी सायकल काढून त्या घरी गेलात आणि अंगणात उभे राहून म्हणालात, चूक म्हजी. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली असती की, असं मी म्हटल्यावर तुमचं उत्तर होतं, "ती पेपराची. ही म्हजी."

माझ्या वडिलांना झटका येऊन उजवी बाजू गेली तेव्हा न्हावी आमच्या चढावरच्या घरी यायला कुरकुर करायचा. हे मी छापखान्यात सहज बोललो होतो. त्या रविवारी इगर्जीतली प्रार्थना, मीस, आटोपून तुम्ही पाळीला आलात, हातात स्वतःचा वस्तरा आणि ब्रश. वडिलांना खुर्चीवर बसवलंत, दाढी केलीत, जाताना म्हणालात, "दर आयतारा येतलों." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

आता त्या आठवड्याकडे येतो. राज्य होणार, आणि झालं तर त्याची भाषा कोणती, कोंकणी की मराठी, यावरून तेव्हा गोवा पेटला होता. आमचं साप्ताहिक मराठीच्या बाजूचं होतं. मीही होतो, अजूनही आहे, त्याबद्दल मला तुमच्यापुढे काही लपवायचं नाही. गुरुवारी सकाळी मी पेडण्याहून बसने येत होतो. धारगळजवळ एका गावाच्या फाट्यावर रस्त्यात दगड मांडलेले, बस थांबलेली. आतल्या बाजूला इगर्जीची घंटा वाजत होती आणि माणसं लगबगीने तिकडे चालली होती. दगड बाजूला झाले, बस निघाली. मी उतरलो नाही, कुणाला विचारलं नाही. शुक्रवारी बातमीत लिहिलं, 'चर्चची घंटा वाजवून जमाव गोळा करण्यात आला.' संपादकांना ती ओळ इतकी आवडली की बातमी पहिल्या पानावर गेली आणि खाली प्रथमच माझं नाव.

पान चार वाजता बंद व्हायचं, अंक शनिवारी निघायचा. साडेतीनला तुम्ही माझा कागद हातात घेऊन टेबलापाशी आलात.

"ही घांट तुवें आयकली?"

"माझ्या कानांनी."

"कशी वाजताली?"

मी पेनाने टेबलावर वाजवून दाखवलं. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. "ती मरणाची, पुता. थंय कोण तरी मेलां. मनशां एकठांय करपाक अशी वाजयनात. बेगीन बेगीन वाजयतात." तुम्ही बोटाने टेबलावर भराभर ठोके दिलेत.

संपादक उठून आले. "घंटा ती घंटा. माणसं जमली की नाही?"

"मयताक जमतलींच, बाब."

"तुम्ही तिथे होता का? हा होता." ते माझ्याकडे वळले. "तू सांग. काढायची?"

मला कळलं होतं, मेस्त. पेनाने दुसरा ठोका देतानाच कळलं होतं. पण संपादक माझ्याकडे बघत होते, घड्याळ पुढे जात होतं, आणि ती ओळ काढली तर बातमीत उरणार होते फक्त रस्त्यातले दगड. मी म्हणालो, "राहू दे."

"ही वळ हांव जुळोवंचो ना," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे काम सोडताय?"

"काम सोडूंक ना. एक वळ सोडल्या."

तुम्ही बाकीची सगळी बातमी जुळवलीत आणि त्या ओळीच्या जागी बरोबर तेवढी रिकामी पट्टी घातलीत. मनात आणलं असतं तर ओळ गुपचूप गाळता आली असती, शनिवारपर्यंत कुणाला कळलं नसतं. तुम्ही ती जागा बोटाने संपादकांना दाखवलीत. त्यांनी बाह्या सारल्या आणि ओळ स्वतः जुळवली. तोवर तुम्ही दाराबाहेर पायरीवर बसून होता. पान बंद झाल्यावर आत आलात आणि लाकडी केसच्या खणांत खिळे परत टाकायला लागलात.

रविवारी सकाळी वडील पडवीत खुर्चीवर बसलेत. गळ्यात टॉवेल आहे. "मेस्त आज येवचो नाय. रस्ते बंद आसत," ते म्हणतात. मी म्हणतो, नाहीच येणार. मला तेच हवं आहे. दहा वाजतात, साडेदहा होतात, आणि तुम्ही चढावर दिसता, शर्ट पाठीला चिकटलेला, अर्ध्या वाटेपासून चालत आलेले. मी पाणी पुढे करतो. तुम्ही ते वडिलांच्या दाढीसाठी घेता.

वडील चिडवतात, "आज गप कित्या रे, मेस्त? बायलेन घरातसून भायर काडलान काय?"

"ना रे."

फेस लावून होतो. वस्तरा गालावरून उतरत हनुवटीखाली येतो आणि तिथेच, माझ्याकडे न बघता, तुम्ही बोलू लागता. "काल सांजेर घांट मारपी मनशाक रस्त्यार धरलो. तांच्या हातांत तुमचो पेपर. 'जमाव करता रे तूं?' म्हणून मारलो. उजवो हात मोडलो."

वडिलांना मान वळवता येत नाही, गळ्यावर वस्तरा आहे. त्यांचे फक्त डोळे माझ्याकडे वळतात.

"मेल्ली ती ताची आवय," तुम्ही म्हणता. त्याने घंटा वाजवली होती ती स्वतःच्या आईसाठी. उरलेली दाढी तुम्ही पुरी करता. कुठेही कापलं जात नाही.

वस्तरा पुसून डबीत ठेवल्यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. "तूं ताच्या घरा वच."

"जाऊन काय सांगू?"

"चूक म्हजी म्हण. चड उलोवं नाका." एवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही.

"जाईन."

"केन्ना?"

"उद्या."

सोमवारी मी निघालो, हे खरं आहे. धारगळला उतरलो. फाट्यावरच्या दुकानात चहा घेतला. बाकावर बसलेली माणसं पेपर वाचत होती, आमचाच. मी दुसरा चहा घेतला. मग म्हापशाकडे जाणारी बस आली आणि मी तिच्यात चढलो.

मंगळवारी तुम्ही विचारलंत, "गेल्लो?"

"हो. जाऊन आलो."

"कितें म्हणलो तो?"

"काही नाही. चहा दिला."

तुम्ही हातातला खिळा केसमध्ये ठेवलात. मग म्हणालात, "देव बरें करूं." आभार मानताना तुम्ही लोक हेच म्हणता, म्हणून मी ते आभारच समजलो आणि सुटलो. त्या शुक्रवारी चौथ्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती गेली. ती तुम्ही जुळवलीत, एक काना इकडचा तिकडे न होता.

पुढे राज्य झालं. खिळे गेले, कॉम्प्युटर आले. मी पणजीला मोठ्या वर्तमानपत्रात गेलो, तिथे नव्या मुलांना शिकवू लागलो. पाहिलंत ते विचारून घ्या, मग लिहा, असं सांगायचो, आणि उदाहरण म्हणून ही घंटेची गोष्ट. माझ्या गोष्टीत मी त्या माणसाच्या अंगणात उभा राहून माफी मागायचो. वडील जाईपर्यंत तुम्ही दर रविवारी पाळीला येत राहिलात. त्या सोमवारचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

तुमच्या मयताला मला पोचता आलं नाही. महिन्याने घरी गेलो तेव्हा तुमच्या मुलीने सांगितलं, तुम्ही धारगळच्या त्या घंटा वाजवणाऱ्या माणसाकडे अधूनमधून जायचात. "पाय पयले फावट गेल्लो तो सोमार आशिल्लो," ती म्हणाली. 'पाय' म्हणजे वडील, तुम्ही; पहिली खेप त्याच सोमवारची. "काळोख जायसर तांच्या पडवेर बसलो. कोण येतलो म्हणून वाट पळयतालो." त्या सोमवारी दुपारनंतर तुम्ही सुट्टी घेतली होती. मला तेव्हा वाटलं, इगर्जीचं काही काम असेल. म्हणजे मंगळवारी मला विचारलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला आणखी एक संधी देत होता, आणि मी तुम्हाला चहाची गोष्ट सांगितली. 'देव बरें करूं' हे आभार नव्हते, शब्दाला शब्द धरून जे होतं तेच होतं: देव तुझं भलं करो.

घंटा वाजवणारा तो माणूसही आता राहिलेला नाही, तशी चौकशी मी केली. तुमची मुलगी अजून तुमच्या घरीच राहते. हे कागद तिला नेऊन देता येतील. देणार नाही. तिने त्या दिवशी मला विचारलं होतं, "तो येवपी मनीस तुमी न्हय? मागीर तरी गेल्ले मू?" तुमच्याच घरात, तिने दिलेला चहा हातात धरून, मी म्हणालो, हो, नंतर गेलो होतो.