कै. प्रा. सायलस ऑर्मरॉड यांची व्याख्याने न जाळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
सेंट ऑडल्स कॉलेज, केंब्रिज

विषय: व्याख्याने कवितांखालीच छापून मिळण्याबाबत.
संदर्भ: कै. प्राध्यापकांच्या मृत्युपत्राविषयी वृत्तपत्रातील बातमी.

महोदय,

मी, हिल्डा ट्रस्कॉट, लेडबरी येथील मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवते. कै. प्राध्यापकांनी आपल्या कविता राखाव्यात आणि व्याख्याने जाळावीत असे लिहून ठेवल्याचे वाचले. येत्या शनिवारी कॉलेजच्या बागेत ती जाळणार, असे कळते. त्यास माझी सक्त हरकत आहे.

१. त्यांच्या कविता मऊ आहेत, हे मी नाकारत नाही. नांगरटीची ओली माती, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, लढाईवर गेलेली पोरं. आमच्या खाटकाची बायको त्या वाचून म्हणते, "काय हळवा जीव असेल हो बिचारा!"

२. मी केंब्रिजला त्यांच्याकडे लॅटिन शिकत असताना ह्या हळव्या जिवाने भर वर्गात माझे एका कवितेचे भाषांतर ऐकून उद्गार काढले, "मिस ट्रस्कॉट, हा कवी आधीच मेलाय, हे तुमचं नशीब. नाहीतर आज खुनाचा आळ आला असता." मुलगे बाकांखाली पाय आपटत हसले. मी त्यानंतर केंब्रिजला गेले नाही.

३. जुन्या कवींचे ग्रंथ संपादताना प्राध्यापक प्रत्येक ओळीखाली आधीच्या पंडितांच्या चुका नावानिशी छापत. कुणी मेला म्हणून त्याला सूट नाही, असे ते सांगत. त्यांचाच नियम त्यांना लावावा, एवढेच मागते. वर कविता, खाली व्याख्यान. व्याख्यानांतली आम्हा रडवलेल्यांची नावेही गाळू नयेत; माझे ठळक छापावे.

४. माझा भाऊ वॉल्टर फ्रान्समध्ये लढाईत पडला. आईने चर्चमधल्या त्याच्या शिळेवर प्राध्यापकांच्याच दोन ओळी कोरून घेतल्या. दर रविवारी त्या वाचून मी रडते. म्हणजे ह्या माणसाने मला दोन तऱ्हांनी रडवले, आणि त्यातल्या एकीबद्दलच लोक त्यांना फुले वाहतात. दुसरीची राख होऊ देणार नाही. शनिवारी मी बागेत उभी राहीन. कागद माझ्या हातातून ओढूनच जाळावे लागतील.

तरी आगीआधी निर्णय कळवावा.

आपली, आजवर नम्र राहिलेली,
हिल्डा ट्रस्कॉट
लेडबरी, ३ नोव्हेंबर १९३१

सोबत: कवितासंग्रहाची माझी प्रत, प्रत्येक कवितेखाली किती जागा सोडावी ते पेन्सिलीने आखलेली. पाने दुमडू नयेत. परतीच्या टपालाने पाठवावी. ती मला रोज लागते.