मनूचा हुशार हात

१६ जून
मी बालवाडीत असताना आमच्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "हिचे हात तुम्ही घरीच ठेवून घेता का हो?" चाळीस वर्षं होत आली. परळच्या त्या शाळेचं नावही आठवत नाही, पण वाक्य तसंच्या तसं आहे. आईचा पडलेला चेहराही. माझं सगळं तीच करायची, अगदी बटणांपासून.

आज मनूच्या ज्युनियर केजीची पालकसभा होती. संघमित्रा टीचरनी वर्षभराची ध्येयं सांगितली. स्वतःची बटणं लावणे. रेघेवरून कागद कापणे. चौकटीत रंग भरणे. एका पायावर उड्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणे. घरी येऊन त्या ध्येयांचा कागद फ्रिजला लावला. मला स्वतःला यातलं सगळं येतं, शेवटचं सोडून.

निश्चय: मनूबद्दल ते वाक्य कोणी म्हणता कामा नये. तिचं सगळं तीच करणार. मी फक्त शेजारी बसणार.

२० जून
बटणं. मनू जीभ बाहेर काढून पहिल्या बटणाशी झटत होती. खाली स्कूलबस हॉर्न देत होती. शेवटचं बटण मी लावलं. मधली दोनही. पहिलं तिचं निसटलं, म्हणून तेही. पण भोकं तिने दाखवली, म्हणजे सहभाग होताच.

२९ जून, रविवार
शिवाजी पार्क. एका पायावर उड्या. मुलं बघून शिकतात असं टीचर म्हणाल्या होत्या, म्हणून मी करून दाखवल्या. जमीन ओली होती. घोटा मुरगळला. फेऱ्या मारणारे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "वहिनी, शिकायचंय नक्की कोणाला?" मनू तेव्हा कट्ट्यावर बसून बिस्किट खात होती. तिने निरीक्षण चांगलं केलं.

४ जुलै
पहिली वर्कशीट घरी आली. छत्री रंगवायची. मनूने लाल खडू घेतला आणि छत्रीसकट सगळं पान लाल केलं. म्हटलं, "अगं, रेघेच्या आत." म्हणाली, "बाहेर पाऊस आहे." पाऊस लाल कसा, ते विचारायचं राहून गेलं.

हे पान टीचरना दाखवणं तिच्यावर अन्याय झाला असता. ती तेव्हा दमलेली होती. खाली जगदीशच्या दुकानातून कोऱ्या छत्रीची झेरॉक्स आणली. (मूळ पान पुसून, पांढरा रंग लावून. जगदीशने न मागता दोन प्रती काढल्या.) मनू टीव्हीपुढे होती. मी रंगवली. फारच नीट झाली, चार वर्षांच्या मुलाची वाटेना. मग दुसऱ्या प्रतीवर डाव्या हाताने रंगवली. अगदी हुबेहूब.

फक्त या एका वेळेपुरतं.

१५ जुलै
मासा, फुगा, आंबा. डावा हात आता बराच वळला आहे. जपायला हवं, रंग मुद्दाम थोडा रेघेबाहेर न्यावा लागतो.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "अगो, चेडवाचो अभ्यास चेडवाक करूक दी." मी म्हटलं, आई, मुलीचा अभ्यास मुलगीच करते, मी फक्त नमुना दाखवतेय. "मगे नमुनो शाळेत कित्याक जाता?"

त्यांना हल्लीचं शिक्षण समजावणं कठीण आहे.

१ ऑगस्ट
शाळेच्या दारात संघमित्रा टीचर थांबवून म्हणाल्या, "मनू डावखुरी आहे, सांगितलं नाहीत तुम्ही! वर्गात उजवा वापरते, पण घरच्या पानांवर खडूचे फटकारे सगळे डाव्या हाताचे. घरी तिच्यावर उजव्याची सक्ती करू नका हं. आम्हीही करणार नाही."

हीच वेळ होती सांगायची. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हो, तिच्या आजोबांवर गेलीय."

सासरे आयुष्यभर गिरणीत उजव्या हाताने राबले. घरी येऊन फोटोकडे बघवेना. सासूबाईंना सहज विचारलं, बाबा कधी डावा हात वापरायचे का? म्हणाल्या, "हेंका डाव्या हातान भाजीची पिशवी धरूक येय नाय."

उद्या टीचरना सांगायचं. नक्की.

१२ ऑगस्ट
सांगितलं नाही. त्यांनी स्वतः दादरला जाऊन मनूसाठी डाव्या हाताची कात्री आणली. एवढा जीव लावणाऱ्या बाईला दुखवायचं कसं?

मनू आता डाव्या हाताने वरणभात खाते. अर्धा फ्रॉकवर. "टीचरने सांगितलं, हा माझा हुशार हात आहे." नवऱ्याने, हितेंद्रने, मला विचारलं, "हिला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, शाळेतून काहीबाही येतंच. भांडी जरा जास्तच वेळ घासली.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. शिवडीचे काका, त्यांची सून प्रिती, सगळे आले. आरतीनंतर काका प्रसाद वाटत होते. मनूने डावा हात पुढे केला. प्रिती हसत म्हणाली, "अगं, दुसरा हात." मनूने तो पाठीमागे लपवला. "तो नाही. तो हुशार नाहीये."

ज्या हाताने तिने तो लाल पाऊस पाडला होता, तो हा हात.

काकाच म्हणाले, "घे गो बाय, घे. बाप्पाची सोंड पण डावीकडेच आहे." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात मोदक मोजायला गेले. मोजायची काही गरज नव्हती.

विसर्जन झालं की सांगायचं.

१२ सप्टेंबर
मी सांगायच्या आधीच शाळेतून फोन आला. भेटायला या.

मनू वर्गात आता काहीच करत नाही. कापत नाही, रंगवत नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसते. डाव्याने जमत नाही, उजवा हुशार नाही. टीचरनी जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "मला येत नाही. आईला येतं. आई डाव्या हाताने करते."

म्हणजे ती टीव्ही बघत नव्हती.

टीचरनी माझी सगळी पानं टेबलावर मांडली. छत्री, मासा, फुगा, आंबा. मी म्हटलं, मी फक्त सपोर्ट करत होते. त्यांनी पानं पुन्हा एकावर एक रचली. मग म्हणाल्या, "ताई, ध्येयं तुमची सगळी पूर्ण झाली. पुढच्या वर्गात तुम्हाला बसवते. पण मनूचं काय करू?" आधी हसल्या, मग हसल्या नाहीत. मला रडू आलं. त्यांनी वर्गातला टिशूचा डबा पुढे सरकवला. त्यावर ससे होते.

येताना बसस्टॉपवर मनूने विचारलं, "तू रागावलीस?" मी नाही म्हटलं. तिने हात धरायला दिला नाही. दोन्ही खिशात होते.

४ ऑक्टोबर, दुपार
तीन आठवडे घरी खडू कोणी काढले नाहीत. टीचरचा तसाच सल्ला होता. मी थांबले. फ्रिजवरच्या कागदातलं ते एकच मला जमत नव्हतं.

काल दसऱ्याचा झेंडू उरला होता. सासूबाई आणि मनू खाली बसून पाकळ्या सोडवत होत्या. मनू दोन्ही हातांनी. कुठला हुशार, कोणाच्या लक्षात नव्हतं. मी दारातूनच परत फिरले.

आज ती आपणहून पान घेऊन बसली आहे. घर रंगवायचंय. उजव्या हातात खडू, डाव्याचा आडोसा, पाठ माझ्याकडे. "तू बघायचं नाही." मी बघत नाही. लांब बसून हे लिहितेय. रंग भिंतीबाहेर आलाय, पार टेबलापर्यंत. फ्रॉकचं एक बटण चुकीच्या भोकात आहे. सकाळी तिनेच लावलं.

आईची आठवण येतेय. माझे हात ठेवून घेऊन तिने काय केलं असेल? धरून बसली असेल, बस.

छपराचा एक कोपरा कोरा राहिलाय. विचारून बघते. मनू, तेवढा मी रंगवू? उजव्या हाताने, तू म्हणशील तो रंग, रेघेबाहेरसुद्धा.

नाही म्हणेल. म्हणायलाच हवं. तरी विचारते.