डाव्या हाताला सुई नको

॥ ॐ नमः शिवाय ॥
औसा, जि. लातूर
१४ मार्च १९८३

ती. सौ. पार्वतक्कास,
गौरम्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मागल्या साली सोलापूरला माझ्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याच बाजूचा हात महिन्यापासून सुजून राहिलाय. झंपराची बाही चढत न्हाई. टँकर दोन दिवसाआड येतो, घागरी मीच वाहते; सासूबाई म्हणतात, त्यानंच झालं. शेजारच्या चांगुणाबाई म्हणतात, वात आहे, एरंडाचा पाला बांध. आता ह्यांनी नवीनच काढलंय. लातूरला एक डॉक्टर चिनी पद्धतीच्या बारीक सुया टोचतात, ॲक्युपंक्चर म्हणतात त्याला. कुणाची तरी गुडघेदुखी गेली म्हणे. गुडघा अन् हात एकच कसा, विचारलं तर म्हणतात, सुईला सगळं सारखंच. मला काही उमजत न्हाई. पुढल्या गुरुवारी जायचं ठरवून बसलेत. तू काय म्हणतीस?

दाजींना शरणार्थ. माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी,
गौरम्मा


नांदेड
१८ मार्च १९८३

चि. सौ. गौरम्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या गल्लीत पंचशीला म्हणून नर्स राहते, तिला धरून आणून वाचायला दिलं. ती म्हणाली, ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढतात, मग हातातलं पाणी वर सरकायची वाट अरुंद होते, म्हणून सूज. त्या हाताला सुई, इंजेक्शन काही टोचू द्यायचं न्हाई, चिघळलं तर भारी पडतं. आणि सूज नवीन असेल तर आधी सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवायचं. तू दाखवलंस का, ते पत्रात कुठंच न्हाई. चंद्रप्पाला सांग, सुयांची एवढी हौस असेल तर आधी स्वतःच्या ढेरीला टोचून घे म्हणावं. तू जाऊ नको.

सासूबाईंना शरणार्थ. हाताला जप, अक्काला विसरू नको.
पार्वतम्मा


औसा
२१ एप्रिल १९८३

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू सवयीनं पत्त्यात जि. उस्मानाबाद लिहिलंस; मागल्या साली लातूर वेगळा जिल्हा झालाय न्हवं. पत्र तिकडं फिरून आलं, तोवर गुरुवार होऊन गेला होता. पण घाबरू नको. त्या डॉक्टरांनी, शेषेराव त्यांचं नाव, आधी ऑपरेशन कोणत्या बाजूचं ते विचारलं. डाव्या हाताला सुई लावणारच न्हाई म्हणाले. मग विचारलं, सोलापूरला दाखवलं का. मी न्हाई म्हटलं. त्यांनी सुयांची डबी मिटली अन् आधी तिकडं जाऊन या म्हणून सांगितलं.

गेलो. रोग न्हाई, नुसती सूज आहे. पट्टी बांधायला अन् हाताचा व्यायाम करायला शिकवलं. वजन उचलणं बंद. टँकरवर आता हे जातात, बायकांच्या रांगेत. सुयांना तिथले डॉक्टर ना हो म्हणाले ना न्हाई. मग शेषेरावांकडं उजव्या हाताला अन् पायांना चारदा टोचून घेतल्या. ते म्हणतात, हे नुसतं जोडीला, पट्टी सोडायची न्हाई. सूज बोटभर उतरली. सुयांनी, पट्टीनं का घागर सुटली म्हणून, मला कळून न्हाई राहिलं; शेषेरावांनाही सांगता येत न्हाई.

एक तुला लिहिलं नव्हतं. हात सुजला तसं मला वाटलं, रोग परत आला. ते कुणाच्या तोंडून ऐकायला नको म्हणून मी सोलापूरचं नाव काढत नव्हते. सुया सोप्या वाटल्या. लातूरहून परतताना एसटीत ह्यांना ते सांगितलं.  हे म्हणाले, त्यांनाही तेच वाटत होतं, म्हणून तर सुयांचं काढलं. महिनाभर एका ताटाशी बसून आम्ही दोघं एकच भीती वेगवेगळी गिळत होतो.

पंचशीलाबाईंना माझा नमस्कार सांग. तू रागावली असशील तर तेही पत्रात येऊ दे.
तुझी,
गौरम्मा