सोळा गेली, नऊ परतली

प्रिय ताई,

परवा तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस. या वर्षात तीनदा "येतो" म्हणालो आणि तीनदा तिकीट कॅन्सल केलं. चौथ्यांदा तोंडानं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास, आणि खरं सांगायचं तर मीही नसता ठेवला. म्हणून कागदावर लिहितोय. ऑफिसातला अर्णव शनिवारी नागपूरला निघालाय, त्याच्या हाती देतो. अक्षराला हसू नकोस, सहीपुरतं सोडलं तर मी हल्ली पेन धरतच नाही.

तू विचारलंस ते डोक्यातून जात नाहीये. दिवाळीच्या साफसफाईत तू स्वयंपाकघरातली पाटी ओल्या फडक्यानं पुसलीस, कोपऱ्यातलं माझं नाव गेलं, आणि तेव्हापासून बाबा मला घरभर शोधतायत. आधीच त्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, पण पाटीचा नियम पक्का. नाव नाही म्हणजे राजस घरी आला. बाथरूमचं दार वाजवतात, माझं ताट वाढायला लावतात, मी दिसत नाही म्हणून घास घेत नाहीत. तू कसेबसे चार घास भरवतेस, वजन उतरत चाललंय. नाव परत लिहू का, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणे!

काल दुपारी सईला ती फिल्म दाखवली. आपली तीच, ब्रिटिशांची, ब्लॅक अँड व्हाइट, शत्रूचा पूल उडवायला सोळा विमानं नदीच्या पाण्याला पोट घासत जातात ती. इथं आमच्या हर्नडन गावच्या लायब्ररीत डीव्हीडी मिळाली. बाबांनी आपल्याला कितीदा दाखवली असेल गं? पूल उडायचा तेव्हा आपण दोघं दिवाणावर उड्या मारायचो आणि हे गृहस्थ घोरत असायचे. जागे व्हायचे ते शेवटी, तळावरचा फिटर फळ्यासमोर उभा राहिला की. एकेक विमान उतरतं आणि तो एकेक नाव पुसतो. सोळा गेली, नऊ परतली. सात नावं तशीच. वायुसेनेत जन्मभर विमानांचे नटबोल्ट आवळलेला माणूस! म्हणायचे, पूल पडला ते साहेबाला सांगा, मला परत किती आली तेवढं सांगा.

त्यातूनच ती पाटी घरात आली. निलू, क्लास. राजस, क्रिकेट. आई, भिशी. जो घरी येईल त्याचं नाव बाबा स्वतः तळहातानं पुसणार, आणि पाटी कोरी झाल्याशिवाय पानावर बसणार नाहीत. तुझ्या कॉलेजच्या गॅदरिंगला आपण सगळे किती वेळ उपाशी बसलो होतो, आठवतं? मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईनंच तोड काढली. त्याचं नाव कोपऱ्यात लिहा, म्हणाली, तो मोजायचा नाही, नाहीतर उपाशी मराल. तेव्हा मी खूप हसलो होतो. आता तेच वाक्य टोचतं.

आईच्या दिवसांना आलो होतो, त्याला सहा वर्षं झाली. माझं रडगाणं तुला पाठ आहे. ग्रीन कार्डची रांग सरकत नाही, देशाबाहेर पडलो की व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यायचा, आणि त्याची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. आमच्या टीममधला केदार भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो पाच महिने अकोल्यातच अडकला, इकडे नोकरी गेली. मी घाबरतो गं. इथं घर आहे, सईची शाळा आहे. हे खोटं नाही. पण हे कारण मी सहा वर्षं पुढे करत आलोय आणि त्याआड लपायची मला सवय झालीय, हेही खोटं नाही.

फिल्म संपल्यावर सईनं विचारलं, बाकीची सात नावं हू इरेझ्ड, बाबा? मी म्हटलं, ते दाखवत नाहीत. मग तिला आपल्या पाटीची सगळी गोष्ट सांगितली, तुझ्या फडक्यासकट. ती म्हणाली, मीन्स आजोबा अजून जेवलेच नाहीत? अकरा वर्षांची पोरगी! प्रीता आतून ऐकत होती. तिनं लॅपटॉप माझ्यापुढं आणून ठेवला. म्हणाली, काढ तिकीट, अडकलास तर अडकलास, माझा पगार चालू आहे. तिच्यासमोर मला रडू आलं, ते तुला सांगायला लाज नाही वाटत.

तर ताई, नाव परत लिहू नकोस. लिहिलंस तर त्यांना वाटेल, राजस आला आणि मला न भेटताच निघून गेला. वीस तारखेला सकाळी मी नागपुरात उतरतोय. तिकिटाची प्रत सोबत जोडलीय, परतीचं काढलेलं नाही. इथं सईनं फ्रिजवर माझं नाव लिहून ठेवलंय, ते पुसायला कधी येईन माहीत नाही. तोवर बाबांना सांग, राजस आंघोळीला गेलाय, येतोच आहे. माझं ताट वाढत राहा. आणि त्या फडक्यावरून स्वतःला बोल लावणं आता बंद कर. तू पुसलंस ते काही चुकलं नाही, फक्त महिनाभर आधी पुसलंस.

तुझाच, अजून वाटेत असलेला,
राजस