लाल्याच्या घशातलं हाड

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

१. कुत्रा लाल्या, वय चार. पौडला चाँदभाईंच्या मटणाच्या दुकानापाशी असतो.
२. शनिवारपासून खाणंपिणं बंद. खालचा जबडा लोंबतोय. लाळ. आवाज बसलेला.
३. चाँदभाईंचं निदान — हाड अडकलं.
४. मी हातमोजे घालून, टॉर्च लावून घसा पाहिला. हाड नाही!
५. कोणाला चावला का? नाही.

मटणवाल्याचा कुत्रा, त्यामुळे हाडाची गोष्ट सगळ्या बाजाराला पटलीय. पण हाड अडकलेला कुत्रा पंजाने तोंड खरवडतो. हा नुसता बसलेला. मालकाच्या हाकेला मान वळवली नाही — भिंत चाटत राहिला.

रेबीज? पिसाळलेला म्हणजे अंगावर धावणारा, असंच सगळे धरून चालतात. काही असे गप्पही असतात. माझ्या गुरांच्या दवाखान्यात पिंजऱ्यात वेगळा ठेवलाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लाल्या गेला. मेंदूचा नमुना पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला.

चाँदभाईंचे हात पाहिले. बोटाबोटांवर सुरीच्या चिरा! घशात हात घातला होता का, विचारलं. "व्हय, घातला की! हाडुक काढाया नको?"

चिरांत लाळ गेली असणार, लस घ्या म्हटलं तर हसले. "अवो डॉक्टरीणबाई, चावला कुटं? बिचाऱ्याला तोंड मिटंना!"

त्यांच्या पत्नी सुलताना पडद्याआडून कडाडल्या — "रोज बकरं कापता अन् सुईला भिता? चला गुमान!"

सरकारी दवाखान्यात मीच नेलं. चिरांमध्ये सीरम — विषाणूला तिथंच अडवणारं —, दंडात लस. चाँदभाई डोळे घट्ट मिटून.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अहवाल नाही. रिहे गावात म्हशी तपासल्या. लक्ष नव्हतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रेबीजच.

सांगायला दुकानात गेले. चाँदभाईंनी सुरी खाली ठेवली. मग — "माजा पंजा जाड, आत जाईना. म्हणून हुस्नाला म्हणलं, तुजा हात बारका हाय, तू बघ."

हुस्ना — त्यांची सून. सातवा महिना! रविवारीच माहेरी गेलीय.

"बांगड्या काढून घातला तिनं हात. मनगटाला दात घासला जरा. पर त्यो चावला न्हवता ओ..."

बाकीच्यांबद्दल मी एकच विचारलं होतं — चावला का? आणि ते खरंच सांगत होते.

तिथूनच फोन लावला. हुस्ना म्हणाली, "पोटात बाळ हाय. मी न्हाई सुई घ्यायची." ठेवला. आता उचलत नाही.

गुरुवार, संध्याकाळ

पाठवलेला मेसेज :

"हुस्ना, लाल्या रेबीजने गेला. या आजाराची लक्षणं एकदा दिसली की औषध नाही. मनगट साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. लस आणि सीरम गरोदरपणातही देतात. न घेतल्यास तुम्हीही राहणार नाही, बाळही. घेतलं का, एवढंच उद्या शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा."